साडेपाच पोत्यांचा बोल्ट

मुलांनो, सिमेंटचं एक पोतं किती किलोचं असतं? बरोबर, 50 किलोचं. मग सांगा पाहू, अशी चार पोती तुमची आजी मांडीवर धरू शकेल का? हसू नका. दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात हाच वाद रंगला होता.

माझ्या दादाकडे 2005 सालची जीप आहे. घाटातल्या खडबडीत रस्त्यांना एकदम पक्की! मधलं बाक पुढे तोंड केलेलं, आणि मागे समोरासमोर दोन आडवी बाकं. तीन वर्षांच्या चिमीसाठी दादाने चाइल्ड सीट आणली, पण ती अडकवायची कशाला? नव्या गाड्यांत बहुधा मागच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, एकमेकींपासून 280 मिलिमीटरवर. त्या सोयीला आयसोफिक्स म्हणतात. चाइल्ड सीट त्यात खटकन बसते. जीपमध्ये मात्र मधल्या बाकाला नुसते कमरेचे पट्टे होते.

आई म्हणाली, "कशाला एवढा खटाटोप? तुम्ही सगळी माझ्या मांडीवरच वाढलात. मी धरते की घट्ट!"

मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. चिमीचं वजन 14 किलो. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. एवढ्या वेगातली जीप धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर चिमी तिच्या वजनाच्या साधारण 14 पट जोराने पुढे फेकली जाईल. 14 गुणिले 14, म्हणजे 196. जवळजवळ चार पोती! आई त्या आकड्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "हातात एवढा जोर कुठला गं? बसवा ती सीट."

दादा लगेच ड्रिल मशीन शोधायला निघाला. "मागे पत्र्याला दोन भोकं पाडतो, हुक लावतो, झालं काम!"

गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांनी त्याला अडवलं. ते म्हणाले, "आडव्या बाकावर ही सीट कधीच लावायची नाही. ती तशा धक्क्यासाठी बनवलेलीच नसते. आणि नुसत्या पत्र्याला लावलेला बोल्ट धक्क्याने पत्रा फाडून बाहेर येतो, पातळ कापडाचं बटण तुटतं ना, तसा. शिवाय खाली डिझेलची टाकी असते, ब्रेकचे पाइप असतात. न बघता भोक पाडलं तर?"

मी पुन्हा हिशेब केला. चिमी आणि सीट मिळून 20 किलो. 14 पट म्हणजे 280. साडेपाच पोती पेलायची होती त्या जागेला!

काका गाडीखाली झोपले. मधल्या बाकाच्या पट्ट्यांसाठी कंपनीने मुळातच जाड नट वेल्ड करून दिले होते. एक जागा ठणठणीत होती. दुसरीकडे हातोडी लागताच गंजाचे पापुद्रे पडले. "हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करा. माझा अंदाज पोरीच्या जिवावर नको," काका म्हणाले.

दुरुस्तीला दहा दिवस लागले. चिमीचं महाडच्या आजोळी जाणं हुकलं. ती रडली, दादाही हिरमुसला. पण तेवढ्यात त्याने सीटची पुस्तिका नीट वाचली. त्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा हवा होता. मग कमरेच्या पट्ट्यावर चालणारी दुसरी सीट त्याने बदलून आणली.

2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं, तर आता 1000 रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा ती चार पोती लक्षात ठेवा.

धाकट्या भावंडांच्या सीटची तपासणी तुम्हीही करू शकता. पट्टा सीटमधून जातो तिथे धरून सीट हलवा. ती इंचभराहून जास्त सरकता कामा नये. मग बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत आला, तर तो सैल आहे. लगेच बाबांना सांगा, आणि तो घट्ट होईपर्यंत गाडी सुरू करू देऊ नका!