तिन्हीसांजेची दुर्बीण

वाचकहो, दुर्बीण घ्यावयाची तर ती वस्तू अधिकाधिक मोठी दाखविणारी घ्यावी, असा आपला समज असेल. माझाही होता. त्या समजापायी मी वडिलांना उगाच दुखविले.

केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) हे शिकारकथाकार आमच्या बेंगळूरचेच. त्यांची पुस्तके वडिलांनी लहानपणी अनेकदा वाचलेली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला व शिकारीचे दिवस सरले. परंतु काळोखात रानाकडे टक लावून बसण्याची ओढ वडिलांच्या मनातून गेली नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना काबिनी जलाशयाच्या काठी नेले. बरोबर खिशात मावणारी १०×२५ ची दुर्बीण होती. दिवेलागणीला हत्तींचा कळप पाण्यावर उतरला. वडिलांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लगेच परत दिली. "तूच पाहा. माझी नजर गेली," एवढेच ते म्हणाले. घरी परतल्यावर त्यांनी संध्याकाळचे फिरणेही सोडले.

डॉक्टरांनी डोळे तपासले; वयाच्या मानाने ते उत्तम निघाले. तेव्हा मी दुर्बिणीवरील आकड्यांकडे वळलो. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्यास पहिल्याने भागले की डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. १०×२५ मध्ये ती अवघी अडीच मिलिमीटर. ८×४२ मध्ये सव्वापाच. ७×५० मध्ये सातांहून किंचित अधिक. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते, उतारवयात पाचांच्या आसपास. म्हणजे वृद्धांस ७×५० चा बराचसा प्रकाश वायाच जावयाचा, आणि वजन मात्र मानेला! शिवाय वर्धन वाढले की हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो.

म्हणून ८×४२ ची निवडली. सर्व भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप आहे ना, ते विचारून घेतले. आणि दुकानातील झगझगाटात न पाहता, सायंकाळी दाराबाहेर येऊन समोरच्या झाडाच्या गर्द सावलीत पाहिले. आपणही तसेच करावे.

त्याच आठवड्यात वडिलांना लालबागेच्या तळ्याकाठी नेले. अंधारून आले होते. पलीकडच्या झाडावर विसाव्याला आलेले बगळे ते एकेक करून मोजू लागले. आता संध्याकाळी चपला घालून तेच माझी वाट पाहत बसतात.

वडीलधाऱ्यांच्या नजरेस बोल लावण्यापूर्वी, आपण त्यांच्या हाती काय दिले आहे, ते एकदा तपासून पाहावे.