पिंपाचं जर्मन नातं

शब्दांची मुळं शोधताना सगळ्यात जास्त फसवतं ते साम्य. जर्मन ‘हाबं’ आणि लॅटिन ‘हाबेओ’, दोन्हींचा अर्थ ‘माझ्याजवळ आहे’. कुणीही म्हणेल, शब्द एकच! पण लॅटिनात जिथे ‘क’ असतो, तिथे जर्मनमध्ये सुरुवातीला ‘ह’ येतो. शंभर म्हणजे लॅटिन ‘केंटुम’, जर्मन ‘हुंडर्ट’. त्या हिशेबाने ‘हाबं’ जुळतं ते ‘कापेरे’शी, म्हणजे पकडण्याशी. चेहरा सारखा, कूळ वेगळं.

उलट जर्मन ‘प्फाइफं’, म्हणजे शिट्टी किंवा धूम्रपानाची नळी, आणि आपलं पिंप. कानाला फारसं साम्य लागत नाही, तरी दोन्ही बोलीतल्या लॅटिन ‘पीपा’ची, म्हणजे नळीची, लेकरं. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत ‘प’ पालटला. आरंभी ‘प्फ’ झाला, स्वरानंतर ‘फ’. पीपाचं ‘प्फीफा’ झालं, पुढे दीर्घ ‘ई’चा ‘आइ’ झाला. ‘पापीर’, म्हणजे कागद, हा शब्द जर्मनमध्ये चौदाव्या शतकात आला. तोवर ती लाट ओसरली होती, म्हणून त्याचा ‘प’ शाबूत राहिला. एका अक्षरावरून शब्दाच्या आगमनाचा काळ कळतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पोर्तुगीजमध्ये त्याच नळीचा अर्थ फुगला आणि ‘पीपा’ म्हणजे दारूचं मोठं लाकडी पिंपच झालं. आपल्या कोकण किनाऱ्यावर चौल-रेवदंड्याला पोर्तुगीजांचं ठाणं 1521च्या सुमारास पक्कं झालं, ते 1740पर्यंत टिकलं. असा सहवास घडल्याशिवाय शब्द किनाऱ्याला लागत नाही. आपण शेवटचा स्वर गाळला. पीप झालं, पिंपही झालं. मधला अनुस्वार आपल्याकडचाच. सर्पाचा हिंदीत ‘साँप’ होतो, तसा.

कुंडलिका खाडीपलीकडे कोर्लईत काही ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगीजमधून घडलेली ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, आजही बोलतात. भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्या घडणीवर 1996 मध्ये ग्रंथ लिहिला. ‘नौ लिंग’मधलं ‘लिंग’ म्हणजे लॅटिन ‘लिंग्वा’, जीभ.

ध्वनीचा नियम आणि माणसांची ये-जा, दोन्ही जुळल्याशिवाय मी कुठलीही व्युत्पत्ती मान्य करत नाही. नियम पुस्तकात सापडतो. ये-जा मात्र बंदरं, बाजार आणि कोर्लईसारखी गावं सांगतात. व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने कोशाइतकंच त्यांचंही ऐकलं पाहिजे.