सातारा ते सांगली : सायकलच्या चालीने

फ्रान्समधील सेंत-एतियेन हे शहर एकेकाळी रेशमी फितींच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. तेथे पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) नावाचा रेशमाचा व्यापारी होता. तिशीच्या उंबरठ्यावर त्याला सायकलीचा नाद लागला आणि १८८७ साली त्याने सायकलींची एजन्सी थाटून जोडीला एक सायकलविषयक मासिकही काढले. पुढे रेशीम सुटले ते सुटलेच. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने तो लिहीत असे. सायकल ही शर्यतीसाठी नव्हे, तर देश पाहण्यासाठी आहे, असे त्याचे आग्रही मत होते. फ्रान्समधील सायकल-पर्यटनाचा जनक म्हणून आज तो ओळखला जातो. तो पूर्ण शाकाहारी होता. सायकलप्रवाशांसाठी त्याने घालून दिलेल्या नियमांत भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, निदान प्रवासात तरी मांस, मद्य व तंबाखू वर्ज्य करावी आणि केवळ दिमाखासाठी पायडल मारू नये, असा उपदेश आहे. आपल्या वाचकांना यातील बहुतेक नियम नवे वाटणार नाहीत.

व्हेलोसिओच्या एजन्सीनंतर अवघ्या वर्षभराने, १८८८ साली, बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधू रामूअण्णांच्या साथीने सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिकवीत. सायकली मुंबईहून जात आणि बंधू त्या बेळगावात विकत. या दुकानाचा धागा पुढे ज्या माळरानापर्यंत गेला, ते माळरान सातारा-सांगली या वाटेवर आहे. म्हणून ही वाट सायकलीने करण्यात एक औचित्य आहे.

साताऱ्याहून सांगलीला जाणारा सर्वसामान्य प्रवासी महामार्गाने कराड, पुढे इस्लामपूर, आष्टा असा जातो. मोटारीने अडीच-तीन तास पुरतात. सायकलस्वाराने मात्र हा मार्ग धरू नये. त्याच्यासाठी पुणे-मिरज लोहमार्गाच्या सोबतीने जाणारी जुनी वाट आहे : माहुली, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, ओगलेवाडी, शेणोली, ताकारी, कुंडल, पलूस, भिलवडी, नांद्रे, सांगली. दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेरचा हा प्रवास, कराडला मुक्काम ठेवल्यास दोन दिवसांत निवांत होतो. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर सांगली ५५० मीटरवर. म्हणजे नदीप्रमाणेच सायकलही एकंदरीत उताराला लागलेली असते. माहुलीच्या पुलावर कृष्णा एकदा ओलांडली की कराडच्या मुक्कामाचा अपवाद वगळता ती सांगलीपर्यंत उजव्या हातालाच राहते. नकाशा हरवला तरी वाट हरवत नाही.

माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. काठावरची काळ्या दगडाची देवळे पहाटेच्या उन्हात पाहावीत. पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे मूळचे या गावचे. त्यांनी बालपणी साताऱ्याच्या एका सावकाराकडे चाकरी केली, अशी आख्यायिका आहे. त्या सावकाराचा चोपडा आज कोणी शोधीत नाही. मात्र न्यायाचा विषय निघाला की रामशास्त्र्यांचे नाव अजूनही घेतले जाते.

पुढे जरंडेश्वराचा डोंगर जवळ येतो आणि पाडळी, म्हणजेच 'सातारा रोड' लागते. येथे धनजीशहा कूपर यांचा कारखाना उभा राहिला तो १९२२ साली, लोखंडी नांगरांसाठी. कूपर यांना या धंद्याकडे वळविण्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांचा मोठा वाटा होता. या मासिकाच्या वाचकांना भाऊरावांची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु शिक्षणमहर्षी होण्यापूर्वी ते फिरते विक्रेते होते, हे पुष्कळदा विसरले जाते. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर त्यांनी गावोगाव विकले. या वाटेवरचे तीन कारखाने, पाडळीचा, ओगलेवाडीचा आणि किर्लोस्करवाडीचा, एकाच माणसाच्या पायपिटीने जोडले गेले आहेत. महामार्गावरून जाणाऱ्या मोटारीला यांपैकी एकही दिसत नाही.

कोरेगाव वाघ्या घेवड्याचे गाव. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पेठेत मोंढ्याचे वातावरण अजून शिल्लक आहे. रहिमतपूर ते मसूर हा टप्पा मात्र रटाळ आहे, हे मान्य केलेले बरे. ऊन डोक्यावर येते, दोहों बाजूंस ऊसच ऊस, आणि सावलीसाठी बाभळीवर समाधान मानावे लागते. एखादे गुऱ्हाळ लागले तर थांबावे. काहिलीतून उतरलेला ताजा गूळ आणि शेंगदाणे हा व्हेलोसिओच्या नियमाला धरून असलेला आहार आहे.

येथे धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. सायकलप्रवासाला उत्तम हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमका तोच साखर कारखान्यांचा गाळप हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, तांबडे परावर्तकही नसतात. अंधार पडल्यावर या रस्त्यावर सायकल चालविणे म्हणजे जीव गहाण टाकणे होय. ज्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम आहे, त्यांचे वेळापत्रक येथे आपोआप जुळते. पहाटे निघावे, दुपारी साडेचारपर्यंत मुक्काम गाठावा, पाणी उकळून गार करून पुढच्या दिवसासाठी भरून ठेवावे. पुण्याहून महामार्गाने रात्री-अपरात्री साताऱ्यापुढे जाणारे दीर्घ पल्ल्याचे सायकलस्वार वेगळे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपविण्याची त्यांची फ्रेंच पद्धतीची परीक्षा असते. त्यांची जिद्द मोठी खरी. पण त्यांची नजर सारखी घड्याळाकडे असते.

कराडच्या रेल्वे स्थानकाजवळ ओगलेवाडी. १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील एकेकाळी घरोघरी होता. कारखाना बंद पडून बराच काळ लोटला. गावाच्या नावात तो उरला आहे. पूल ओलांडून कराडात शिरावे. प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात. सहसा एक नदी दुसरीला कडेने येऊन मिळते. असा आमनेसामने संगम विरळा. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. सवड असल्यास दक्षिणेकडील काले गावी जाऊन यावे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊरावांनी तेथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली ती साताऱ्यास आली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. नांगर विकून जोडलेल्या ओळखींवर संस्था उभी राहिली आणि सौभाग्यलेण्यावर ती तगली, असा तिचा ताळेबंद आहे.

दुसऱ्या दिवशी शेणोली. ७ जून १९४३ रोजी येथेच प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून लुटली. तुफान सेनेचे कुंडल याच वाटेवर पुढे आहे. कुंडलची दुसरी ओळख अर्थातच पार्श्वनाथांची : गावात कलिकुंड, डोंगरावर झरी आणि गिरी पार्श्वनाथ. डोंगर चढताना सायकल खाली ठेवावी लागते. एरवी गाडीने येणारे गावातले दर्शन घेऊन परततात; दीड दिवस पाय चाललेल्या माणसाला आणखी चार पायऱ्यांचे ओझे वाटत नाही.

कुंडलला खेटूनच किर्लोस्करवाडी. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणरावांना औंधच्या अधिपतींनी आधार दिला. कुंडल रोड स्थानकाजवळचे ३२ एकर निवडुंगाने भरलेले माळरान आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज. १९१० साली वसाहत सुरू झाली. तारण म्हणावे असे काही नव्हते. कर्जदाराची सचोटी आणि नांगराचा नमुना, एवढेच. आजच्या कुठल्याही शाखेत असे प्रकरण पहिल्या टेबलापलीकडे गेले नसते. १९२० साली येथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागली आणि तिचे पुढे महाराष्ट्राला परिचित असलेले मासिक झाले. सायकलीच्या दुकानापासून पंपांच्या कारखान्यापर्यंतची ही वाटचाल स्थानकाबाहेरच्या वसाहतीत, झाडांच्या रांगांतून सायकल हळू चालवीत पाहावी.

पलूस, तासगाव हा द्राक्षांचा मुलूख. फ्रान्समध्ये सायकलप्रवासी द्राक्षमळ्यांतून जातो तो मद्याच्या तळघरांकडे. पलूसलाही शासनाने वाइन पार्क उभारला. पण इथल्या द्राक्षाचे मन बेदाण्यात अधिक रमलेले दिसते. फेब्रुवारीपासून शेडमधील जाळ्यांवर द्राक्षे पसरतात आणि दोन आठवड्यांत हिरवट-सोनेरी बेदाणा तयार होतो. सांगलीच्या बेदाण्यालाही भौगोलिक मानांकन आहे.

फ्रान्सने आणखी एक गोष्ट केली आहे, ती व्यापारी घराण्यांनी लक्षात घ्यावी अशी. तेथे सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आतील खानावळी व निवासांना एक अधिकृत चिन्ह दिले जाते. अट एवढीच की, सायकल कुलपात ठेवण्याची जागा असावी, दुरुस्तीची हत्यारे असावीत आणि प्रवाशाला सकाळी पोटभर न्याहारी मिळावी. लुआर नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग अशा चिन्हांनी भरलेला आहे. सायकलप्रवासी फार खर्च करीत नाही. पण मोटारवाला एका धाब्यावर जे खर्चतो, ते तो दहा गावांत वाटून खर्चतो. महामार्गाने ज्या बाजारपेठांना वळसा घातला, त्या रहिमतपूर-मसूरसारख्या गावांतून आज मुक्कामाची व्यवस्था शोधावी लागते. गावोगाव आपल्या लोकांची दुकाने आहेत. वरच्या मजल्यावरच्या खोल्या, मुले पुण्या-मुंबईस गेल्याने, बंद आहेत. दोन खोल्या, हवा भरायचा पंप, पंक्चरचे साहित्य आणि दिवस असताना मिळणारे सात्त्विक जेवण यांस भांडवल कितीसे लागते?

भिलवडी ओलांडून येरळेच्या पुलावरून नांद्रे आणि मग सांगली. शहरात शिरल्यावर १९२९ सालचा आयर्विन पूल पाहून यावा. धोक्याची पातळी ४५ फूट असलेल्या या पुलाजवळ २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. दोन दिवस उजव्या हाताला मुकाट चालत आलेल्या नदीचे हे रूप त्या आकड्यावरून कल्पावे लागते.

शेवटचा टप्पा हरिपूर, वारणेच्या संगमाचे. येथील पेवांत सांगलीची हळद साठविण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जमिनीत खणलेल्या या कोठारांचे तोंड बंद केले की आतला प्राणवायू संपतो, कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावरही काही तास मोकळे ठेवूनच माणूस आत उतरतो. २००५ च्या पुरात यांतील अनेक पेवे बाद झाली आणि व्यापार गोदामांकडे, शीतगृहांकडे वळला.

सांगली स्थानकावर, सामानाचा डबा असलेल्या गाडीसाठी, सायकल पार्सल म्हणून नोंदविता येते. परतीच्या गाडीत खिडकीशी बसावे. नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, शेणोली, कराड, मसूर, रहिमतपूर : पाट्या एकामागून एक जातात आणि त्यांच्याकडे पाहून कुठे चढ होता, कुठे गूळ मिळाला, कुठे पंक्चर निघाले, हे सहप्रवाशाला सांगता येते.