वाईनची द्राक्षं आणि एकच गिऱ्हाईक

वाईनवरचा कर, सुपरमार्केटातली वाईन, वाईन टुरिझम... यातला कुठलाही विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. एक बाजू म्हणते, शेतकऱ्याचं भलं होणार. दुसरी म्हणते, तरुण पिढी बरबाद होणार. जानेवारी 2022 मध्ये 1,000 चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांत वाईन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा टीव्हीवर कितीतरी दिवस हेच चाललं होतं. पुढे तो निर्णय मागेच पडला. पण त्या सगळ्या आरडाओरड्यात मातीबद्दल, द्राक्षाच्या जातीबद्दल कोणी बोलल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. आणि शेतकऱ्याचं भलं की बुरं, हे तिथंच ठरतं.

मी निफाड तालुक्यातला. घरची बाग खायच्या द्राक्षांची, आणि मामांची दिंडोरीकडे अडीच एकर वाईनची. दोन्ही बागांत राबलोय. म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आमची जमीन गोदाकाठची भर काळी. पाणी धरून ठेवते, वेल माजतो, मणी टपोरा होतो. खायच्या द्राक्षाला हेच पाहिजे. त्यावर पुन्हा विरळणी, जीएचं डिपिंग, फुगवणीसाठी धडपड. मणी जेवढा मोठा तेवढा व्यापारी खूश. मामांचं रान एकदम उलटं. हातभर माती, खाली मुरूम. पाऊस पडला की तासाभरात निचरा. वेल कायम थोडा उपाशी, म्हणून मणी बारीक, साल जाड, आत बिया. वाईनवाल्याला हाच मणी हवा असतो, कारण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून अन् बियांतून येतो, रसातून नाही. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. आमच्या काळ्या जमिनीत शिराझ लावला असता तर पानंच पानं आली असती.

आता हवा. युरोपातला द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करायला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी फळासाठी. छाटण्या दोन, पीक एक. म्हणजे मजुरी दुप्पट, हे परदेशी वाईनच्या गप्पा मारणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

यातून एक गंमत होते. फ्रान्समध्ये द्राक्षं पिकतात उन्हाळा सरताना. दिवस थंड होत जातात तसा माल सावकाश तयार होतो. आपल्याकडे तो पिकतो जानेवारी ते मार्च. म्हणजे सुरुवात कडाक्याच्या थंडीत आणि शेवट उन्हात! निफाडला एखाद्या वर्षी पारा 5 अंशांच्या खाली जातो. तेव्हा आमचे मणी तडकतात, फुगवण थांबते, पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसावं लागतं. तीच थंड रात्र वाईनच्या द्राक्षाला मानवते, मण्यातली आंबट टिकून राहते. पण फेब्रुवारी संपता संपता ऊन चढलं की साखर धावते आणि आंबट झपाट्याने उतरते. आंबट गेली की पांढरी वाईन नुसती गुळमट. त्यामुळे पांढऱ्या जाती आधी तोडतात, तेही भल्या पहाटे, गारव्यात. शेनिन ब्लाँ ही जात नाशिकला रुळली, त्याचं एक कारण हेच की ती उष्ण हवेतही आंबट धरून ठेवते.

पावसाचं तर विचारूच नका. एकाच जिल्ह्यात इगतपुरीला 3,000 मिलिमीटरच्या पुढे आणि निफाडला 500 च्या आसपास. द्राक्षपट्टा या दोन टोकांच्या मध्ये बसलाय, आणि आता त्याचंही वेळापत्रक मोडलं. नोव्हेंबर 2023 च्या शेवटी गारपीट झाली. 2025 मध्ये मे महिन्यातच पाऊस लागला. मेमधल्या पावसाने काय बिघडतं, असं शहरातले मित्र विचारतात. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. त्याला ऊन लागतं. ढग राहिले की डोळ्यात घडच धरत नाही, आणि हे कळतं ऑक्टोबर छाटणीनंतर. तोवर औषधांचा खर्च होऊन गेलेला असतो.

इथपर्यंत निसर्गाचं झालं. त्याच्याशी भांडण नाही. माझं म्हणणं पुढचं आहे.

खायच्या द्राक्षाच्या आपल्या जाती कुठून आल्या? थॉमसन बाहेरची, पण तास-ए-गणेश सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने आपल्या बागेतून निवडून काढली, सोनाका सोलापूरच्या नान्नजची. बागेत एखादी काडी वेगळी दिसली, शेतकऱ्याने ती वाढवली, शेजाऱ्याने नेली. दर पडला तर आम्ही दुसऱ्या व्यापाऱ्याला देतो, नाहीतर बेदाणा टाकतो. नुकसान होतं, पण चार दारं उघडी असतात.

वाईनची जात शेतकरी निवडत नाही. शिराझ, कॅबरने, सोव्हिन्यों ब्लाँ, सगळ्या फ्रान्सच्या. कुठली लावायची हे वायनरी सांगते. आणि एकदा लावली की हा बारीक, बियांचा, जाड सालीचा माल बाजार समितीत नेऊन दाखवा बरं! फुकट कोणी खाणार नाही. वेल पंधरा-वीस वर्षांचा आणि गिऱ्हाईक एकच.

2008-09 ला काय झालं ते आमच्या भागात सगळ्यांना आठवतं. जगभर मंदी, त्यात 26/11, हॉटेलं ओस पडली, वाईनचा खप कोसळला. टाक्या भरलेल्या, नवीन माल कोण घेणार? कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या. कागदावर करार होते. कराराने वेलावरची द्राक्षं विकली जात नाहीत.

चांगल्या वर्षातही एक गोम असते. मामांचा दर किलोवर. कंपनी म्हणते शुगर 23 येऊ द्या, थांबा. प्रत्येक दिवशी मणी सुकत जातो, वजन घटतं. वाईन सुधारते कंपनीची, किलो कमी होतात मामांचे. वर अट अशी की एकरी चार-पाच टनांच्या वर माल धरायचा नाही, कारण जास्त घड धरले की चव पातळ होते. शास्त्र म्हणून अगदी बरोबर! मग चवीसाठी कमी माल मागताय तर दर एकरावर द्या ना. पैसे तीन हप्त्यांत येतात, शेवटचा हप्ता एकदा दिवाळीनंतर आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, मामांना तिथंच माल घालायचाय.

मला वाईनबद्दल आकस नाही. मुरमाड रानात शिराझसारखं पीक येतं, कमी पाण्यावर येतं, ही या भागाची कमाईच आहे. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा अभिमानही आहे. पण राज्यात वाईनवर 20 टक्के व्हॅट आणि प्रोत्साहन योजनेत त्यातले 16 टक्के वायनरीला परत देण्याची तरतूद, हे सगळं आपण शेतकऱ्याच्या नावाने करतो. तर तो परतावा देताना एवढंच बघा: या वायनरीने मालाचे सगळे पैसे तोडणीपासून 60 दिवसांत दिलेत का? करार कुठे नोंदवलाय का? नसेल तर परतावा थांबवा. याला नवीन कायदा लागत नाही, योजनेच्या आदेशात दोन ओळी वाढवाव्या लागतील.

मामांचा जुना करार यंदा संपतोय. नवीन पाच वर्षांचा कागद कंपनीचा माणूस देऊन गेलाय. जात, टनेज, शुगर, सगळं टाईप केलेलं आहे. दराच्या पुढची जागा कोरी आहे, ती तोडणीच्या वेळी भरू म्हणाला. सही करायची की बाग तोडायची, हे खरड छाटणीच्या आत ठरवायचंय.