कृष्णेकाठच्या माणसाने पाहिलेली नंदी

मिरजेला गाडीत बसलो आणि सकाळी बंगळूरच्या यशवंतपूरला उतरलो. नाव कसं आपल्याकडचं वाटतं! मार्केट यार्डात नाशिक-नगरकडच्या कांद्याच्या गोण्यांची थप्पी पाहिली आणि परमुलखात आल्याचं क्षणभर विसरायलाच झालं. ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशींनी मात्र रात्री बजावलं, "उद्या रविवार. नंदीबेट्टावर जायचं तर तीनला ऊठ. नाहीतर सूर्य वर येईल नि तू खालीच अडकशील."

पहाटे नंदीबेट्टाच्या, म्हणजे नंदीच्या डोंगराच्या, पायथ्याशी पोचलो आणि थक्क झालो. मिट्ट काळोखात गाड्यांच्या लाल दिव्यांची माळ डोंगराला वेढे घालत वर गेलेली. एवढी माणसं यात्रेलाच बघितली होती. इथे ना पालखी, ना जत्रा. सगळे ढग बघायला आलेले.

माथा 1478 मीटरवर. धुक्याचा समुद्र, त्यातून डोकावणारे कातळ, आणि मग सूर्य. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? पण धुकं विरलं आणि कातळांच्या कपारी दिसू लागल्या. कपारीकपारीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. माकडं वेफर्सच्या पुड्या फाडत बसलेली. एक पिल्लू प्लॅस्टिकचा तुकडा चघळत होतं.

मी वाईचा. कृष्णा आमच्या दारातून वाहते आणि महाबळेश्वरला तिच्यासह पाच नद्या उगम पावतात, हे आम्हाला पाळण्यात कळतं. नंदीच्या या डोंगररांगेचंही तसंच आहे. अर्कावती, पालार, दक्षिण पिनाकिनी आणि उत्तर पिनाकिनी इथल्याच. तमिळनाडू आणि आंध्रापर्यंतची शेतं या डोंगरांच्या पाण्याची वाट पाहतात.

अर्कावतीची गोष्ट तर काळजाला लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्टाच्या तलावातून तिचं पाणी नळाने बंगळूरला पोचलं. शहराचं ते पहिलं नळाचं पाणी. आज शहर तहानेसाठी सुमारे 100 किलोमीटरवरच्या कावेरीकडे पाहतं. अर्कावती आटली त्याचा सगळा दोष पर्यटकांना देणं अन्यायाचं होईल. खाणी, बोअरवेल, ओढे बुजवून पाडलेले प्लॉट आणि मैलोगणती निलगिरी यांनी तिच्या नरडीचा घोट घेतला. (निलगिरी भारतात पहिल्यांदा लावली गेली तीही याच नंदीवर, टिपूच्या काळात, 1790 च्या सुमारास.) पण नदीच्या उगमावर उभं राहून, दुसऱ्या नदीचं किंवा बोअरचं विकत घेतलेलं पाणी प्यायचं आणि बाटली त्याच उगमात टाकायची, हे पाहून मी सुन्न झालो. उगमाला आपण हात जोडतो ना?

ऑगस्ट 2021 मध्ये मोठ्या पावसात इथे दरड कोसळली. दगडमातीच्या लोंढ्याने घाटरस्ता तोडला आणि डोंगर सुमारे तीन महिने पर्यटकांना बंद राहिला. पाऊस कारण होता हे खरं. पण डोंगराला पेलवेल एवढाच भार त्याच्यावर घालावा, हे त्या वेळी तरी उमगायला हवं होतं. आता रोपवेची तयारी चालू आहे. त्याने गाड्या कमी होतील असं म्हणतात. वर येणारी माणसं मात्र वाढतील, असं मला वाटतं.

आमच्याकडे काही बरं चाललंय असं नाही. सुट्ट्यांत वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र असूनही. पण माथेरानने गावाबाहेर दस्तुरीला मोटारी थांबवल्या, आणि तिथला पर्यटक काही कमी झाला नाही. तांबड्या मातीतून तो हौसेने चालतो. नंदीला हे का जमू नये? पायथ्याला वाहनतळ, वर जायला फक्त सरकारी बस आणि दिवसाला ठरलेली माणसं, एवढं तरी करावंच.

तोवर, वाचकहो, यशवंतपूरला उतरून नंदीला जाल तर गाडी खालीच ठेवा. पायथ्याच्या सुलतानपेठेकडून पायऱ्यांची जुनी वाट आहे, तिने चढा. घरून पाणी न्या, आणि बाटली परत आणा.