चोवीस व्होल्टांचा उजेड

सोळा वॅटची आग पेटवायची आणि तिच्यातून कानापर्यंत वॅटचा हजारावा भाग पोचवायचा, हा व्यवहार आमच्या मारेगावात सांगितला तर कोणी हसत नाही. कापूस पेरणाऱ्याला लावलं किती आणि हाती आलं किती, यातल्या अंतराची सवय असते. तो एवढंच विचारतो, "मंग भाऊ, परवडते का?"

प्रश्न रास्त आहे. ६०८० नावाचा एक व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची निर्वात नळी, हेडफोनच्या नामांकित ॲम्प्लिफायरांत वरचेवर भेटतो. त्याचा हीटर नुसता तापवायला ६.३ व्होल्टवर अडीच अँपिअर लागतात, म्हणजे जवळजवळ सोळा वॅट. उलट ३०० ओहमचा चांगला हेडफोन मिलिवॅटभर विजेत दणदणीत वाजतो. बाकीची सगळी वीज ऊब होऊन खोलीत उतरते. पारा ४५ ला टेकलेल्या आमच्या मे महिन्यात ही ऊब कोणाला हवी आहे? बरं, कूलर लावावा तर असल्या ॲम्पला शोभणारे हेडफोन बहुधा उघड्या पाठीचे असतात. त्यांच्या जाळीतून गाणं बाहेर झिरपतं, तशी कूलरची घरघर आत येते. वसंतराव देशपांड्यांची तान आणि लोखंडी पंख्याचा खर्ज एकाच वेळी ऐकणं हा कोणत्याही घराण्याचा रियाज नव्हे. म्हणून हा छंद इकडे हंगामी. दिवाळीनंतर, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या की सुरू होतो आणि होळीपर्यंत आटोपतो.

पण त्या हंगामातल्या रात्री! बटन दाबलं की आधी काहीच होत नाही. मग काचेच्या तळाशी एक बारीक नारिंगी रेघ उमटते, हळूहळू गडद होते, आणि अर्ध्या मिनिटानं कानात पोकळी भरून आल्यासारखं वाटतं. अजून स्वर नसतो, फक्त स्वर येणार असल्याची वर्दी असते. फोन हातात घेतल्या क्षणी वाजू लागणाऱ्या गाण्यापुढे आपण कधी सावरून बसतच नाही. इथे बसावं लागतं.

आवाजाचं म्हणाल, तर व्हॉल्व्ह खोटं बोलतो, पण सुरात बोलतो. संगीताच्या पाठ्यपुस्तकातला षड्ज २४० आंदोलनांचा. एकट्यानं काम करणारा ट्रायोड, म्हणजे तीन अग्रांचा साधा व्हॉल्व्ह, या षड्जात जी भेसळ करतो ती मुख्यतः दुपटीची, ४८० ची, म्हणजे तार षड्जाचीच. तिपटीची, ७२० ची थोडी आली तरी तो तारसप्तकातला पंचम. तानपुऱ्याची जवारी हेच काम मोकळ्या हातानं करत असते, त्यामुळे तानपुरा आणि गळा यांच्या मैफलीत ही भेसळ बेमालूम मिसळते. मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेल्या वसंतरावांचा तो खरखरीत, धारदार गळा यातून ऐकताना जवळ बसल्यासारखा वाटतो. खंजिरीच्या भजनांचं मात्र उलटं होतं. थाप आणि झांजेचा कडका किंचित मऊ पडतो. तुकडोजी महाराजांच्या मुलखातल्या माणसाला ते खटकावंच, आणि मला खटकतं.

या छंदात शिरणारे बहुतेक जण एका आठवणीमागे लागून येतात. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी, दिवाणखान्याच्या कोनाड्यात. वर क्रोशाचा रुमाल. १९४८ साली सुरू झालेलं नागपूर आकाशवाणी. दरवर्षी पोस्टात भरायचा रेडिओ परवाना. त्या पेटीचा आवाज उबदार होता हे खरं. पण ती ऊब व्हॉल्व्हची किती? मध्यम लहरींवर पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं काही पोचतच नसे. सगळा तीक्ष्णपणा वाटेतच गळून जाई. उरलेलं गाणं आठ इंची स्पीकरातून, लाकडी खोक्यातून, जाड कापडातून येई, आणि त्यात स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे आवाज मिसळलेले असत. हेडफोनला खोकंही नाही आणि खोलीही नाही. तेव्हा आजोबांच्या रेडिओसाठी म्हणून कोणी व्हॉल्व्हचा ॲम्प घेत असेल तर पैसे वाया जातील. व्हॉल्व्ह तेवढा घरी येईल, रेडिओ येणार नाही.

तरी घ्यायचाच, तर स्वस्तात काय मिळतं? हजार-दोन हजारांत दोन चिमुकल्या काचनळ्यांचे चिनी डबे मिळतात. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत नळीखाली नारिंगी एलईडी बसवलेला असतो, कारण आतल्या तारेचा खरा उजेड फोटोत उठत नाही. वणीच्या एका जुन्या रेडिओ मिस्त्रींना मी असा डबा दाखवला. त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "वॉलच्या बुडाशी दिवा कायले लावला बे यानं? वॉल मेला तरी हा पेटूनच राहीन." याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

दुसऱ्या टोकाला ते ६०८० वाले, शुद्ध व्हॉल्व्हचे. मागवायचा खर्च धरला तर पंचवीस हजारांच्या पुढे जातात. त्यांतल्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जातीची अडचण वेगळीच. त्यांचा स्वतःचाच अंतर्गत रोध मोठा असतो, शंभर ओहमच्या आसपासही जातो. ३०० ओहमच्या हेडफोनशी त्यांचं जमतं, पण आपल्या घरातल्या बत्तीस ओहमच्या हेडफोनवर खालचा सूर ढिला पडतो. शिवाय इथली वीज. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी दिवे पिवळे पडतात. साध्या ट्रान्सफॉर्मरवरच्या व्हॉल्व्हचा हीटरही त्यांच्याबरोबर मंदावतो. मोटारी बंद झाल्या की दाब एकदम उसळी घेतो.

म्हणून माझं मत मधल्या जातीला, संकरिताला. यात स्वराला आकार द्यायला व्हॉल्व्ह आणि हेडफोन ढकलायला ट्रान्झिस्टर. चोवीस व्होल्टचा अडॅप्टर १०० ते २४० पर्यंत काहीही चालवून घेतो, घरचा इन्व्हर्टरही त्याला पुरतो, आणि आठ-दहा हजारांत बरी वस्तू मिळते. शहरातले जाणकार याला नाक मुरडतात. इतक्या कमी दाबावरचा व्हॉल्व्ह हा व्हॉल्व्हच नव्हे म्हणतात. त्यांनी इतिहास जरा पाहावा. १९५० च्या दशकात मोटारींच्या रेडिओसाठी बारा व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणारे व्हॉल्व्ह मुद्दाम बनवले जात. पुढे पीट मिलेट या अमेरिकन अभियंत्यानं तेच हुडकून चोवीस व्होल्टचा हेडफोन ॲम्प आखला. आणि आपल्याकडे, वीज न पोचलेल्या गावांत, डीके ९६ च्या कुळातले व्हॉल्व्ह होते. त्यांची तार जेमतेम १.४ व्होल्टवर तापे आणि ९० व्होल्टची जड कोरडी बॅटरी वरचा दाब पुरवी. बॅटरी महाग, म्हणून रेडिओ बातम्यांपुरता लावायचा नि बंद करायचा. विजेचा तुटवडा आणि व्हॉल्व्ह यांची सोयरीक खेड्यांनी कधीच जुळवली होती. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, तोवर बाहेर ट्रान्झिस्टरनं बाजी मारायला सुरुवात केली होती. आज नवे व्हॉल्व्ह येतात ते बहुतेक स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून.

हातात एकूण दहा हजारच असतील तर मात्र सगळे हेडफोनवर घाला. हेडफोन बदलला की जेवढा फरक कानाला कळतो, तेवढा कोणताही ॲम्प करत नाही.

आणि माळ्यावरचा जुना रेडिओ काढून त्यालाच हेडफोनचं भोक पाडावं, असं मनात आलं असेल तर थांबा. त्या काळच्या कित्येक सेटांत ट्रान्सफॉर्मर नसे. यूसीएच ८१, यूएल ८४ अशा यू-ने सुरू होणाऱ्या नावांचे व्हॉल्व्ह आत दिसले तर समजा, की घरच्या विजेची एक तार थेट आतल्या पत्र्याला जोडलेली आहे. प्लग उलटा लागला तर तो पत्रा जिवंत, आणि त्याला जोडलेली हेडफोनची वायर तुमच्या डोक्याला. सेट बंद केला तरी कंडेन्सरांत दाब काही वेळ राहतोच. जाणता मिस्त्री शेजारी नसेल तर तो रेडिओ उघडूही नका.