आटलेल्या गाईची गव्हाण

आमच्या मेहकरच्या गोठ्यांतून एक रीत माझ्या वारंवार नजरेस येते. दुभत्या गाईपुढे पेंड व तुरीची चुणी मांडलेली असते. आणि जिचे दूध आटले आहे, जी दोन महिन्यांनी विणार आहे, तिच्यापुढे नुसता ज्वारीचा कडबा. 'दूध देत नाही, तिला पेंड कशाला?' हा हिशेब घरोघर ऐकू येतो. मला तो सर्वस्वी उलटा वाटतो.

आमच्या भालकी तालुक्याला लागूनच देवणीचा मुलूख आहे. त्या गावाच्या नावानेच आमची वानेरा, बालंक्या व शेवरा ही पांढरी-काळी गुरे ओळखली जातात. जात उत्तम खरी; परंतु जातीने पोट भरत नाही. गाय नऊ महिन्यांहून थोडी अधिक गाभण राहते, आणि वासराच्या वजनाची दोन-तृतीयांशाहून अधिक भर शेवटच्या तीन महिन्यांत पडते. शेळीचे पाच महिने. तिच्या करडांची बहुतेक वाढ अखेरच्या दीड महिन्यात होते. म्हणजे ज्या दिवसांत आपण हात आखडता घेतो, तेच दिवस पोटातील जिवाच्या वाढीचे असतात.

कडब्यात प्रथिने शेकडा चारच्या आसपास. तेवढ्यावर गर्भ पोसत नाही. मग आई आपल्या अंगातील मांस, चरबी व हाडांतील चुना त्याला देते. अशी खंगलेली गाय व्याली की वासरू लहान व अशक्त निघते, आणि तिला पान्हाही बेताचाच फुटतो. विल्यानंतर पेंडीची पाटी पुढे ठेवली, तरी गेलेले सर्व भरून येत नाही. याकरिता अखेरच्या दोन महिन्यांत नेहमीच्या चाऱ्यावर एक ते दीड किलो आंबोण, थोडी हिरवी वैरण व खनिज मिश्रण द्यावे. हिरव्या वैरणीतील 'अ' जीवनसत्त्व वाळल्या कडब्यात फारसे उरत नाही.

दुसरी गोष्ट चिकाची. वासरू रोगाशी झुंजण्याचे बळ घेऊन जन्मत नाही. ते त्याला आईच्या चिकातूनच मिळते, आणि ते शोषून घेण्याची त्याच्या आतड्यांची शक्ती एका दिवसात संपते. आमच्याकडे मात्र जार पडेपर्यंत चीक पाजू नये असा समज आहे. काही वेळा जार पडावयास अर्धा दिवसही लागतो, आणि तोवर वासरू उपाशी! २० किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांतच दोन लिटर चीक मिळाला पाहिजे. खरवस त्यानंतर उरेल त्याचा करावा.

आणि वाचकहो, हा विचार गोठ्यातच ठेवून घरात येऊ नये. पुष्कळ घरांत गरोदर सून सर्वांच्या मागून, उरेल ते जेवते. तिचे ताट आधी वाढावे.